दोन वह्यांच्या मधली ताईबाई

धुळ्यात पांझरा नदीच्या पलीकडे एक लहानशी ख्रिस्ती मंडळी आहे. तिथे ताईबाई चौरे एकतीस वर्षं दर रविवारी उपासनेला बसत आल्या, आणि एकतीस वर्षं त्या तिथल्या सभासद नव्हत्या. हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. बाकी सगळे त्यांना मंडळीतल्या जुन्याजाणत्या समजत. नवा पाळक बदलून आला की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगे, "ह्या आपल्या ताईबाई, होस्टेलच्या." ताईबाई तेव्हा नुसती मान हलवत. त्या हलवण्यात हो पण नसे आणि नाही पण नसे. खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगायचं नाही, ह्या कामात बाई तरबेज होत्या.

बाहेरच्याला वाटतं, जो चर्चमध्ये बसतो तो चर्चचा. तसं नसतं. प्रत्येक मंडळीची एक जाडजूड वही असते. बाप्तिस्मा झाला, चारचौघांसमोर कबुली दिली, की त्या वहीत नाव चढतं. गाव सोडलं तर जुन्या मंडळीकडून पत्र घ्यायचं, ते नव्या मंडळीला द्यायचं, मग तिकडच्या वहीत नाव. वार्षिक सभेत हात वर करायला वहीत नाव लागतं, पंच म्हणून उभं राहायला लागतं, आणि मातीत जायला तर सगळ्यात आधी लागतं. प्रभूच्या दारात सगळे सारखे, असं पाळक सांगतात आणि ते खरंही आहे. पण दफनभूमीच्या फाटकाची किल्ली वहीवाल्यांकडे असते.

ताईबाईंची वही मोहपाड्याला होती. पिंपळनेरच्या पुढे, डोंगर सुरू होतात तिथे, चाळीस-पन्नास घरांचा हा पाडा. तिथे कौलारू चर्च, मागे उतारावर दफनभूमी, आणि दफनभूमीत ताईबाईंचे यजमान जीवराम. १९९३ साली कावीळ झाली आणि नऊ दिवसांत गेले. मूलबाळ नव्हतं. तेव्हा ताईबाई एक्केचाळीस वर्षांच्या होत्या, घर खायला उठलं होतं. धुळ्यात मुलींच्या होस्टेलला स्वयंपाकीण हवी होती. मंडळीतल्या पंचांनीच ते काम बघून दिलं. निघायच्या आदल्या रविवारी मोहपाड्याच्या वडील पंचांनी, उखर्डू आबांनी, आपल्या टपोऱ्या अक्षरात पत्र लिहून हातात ठेवलं: आमची बहीण ताईबाई जीवराम चौरे चांगल्या साक्षीची आहे, तिला आपल्या मंडळीत सामावून घ्यावं.

ताईबाईंनी ते पत्र आणलं आणि बायबलात ठेवून दिलं. धुळ्याच्या पाळकांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "देते." वर्षभराने विचारलं तेव्हाही म्हणाल्या, "देते." पुढे ते पाळक बदलून गेले आणि विचारणारं कोणी उरलं नाही.

न देण्याचं कारण साधं होतं. ताईबाईंची समजूत अशी, की हे पत्र शाळेच्या दाखल्यासारखं असतं, नव्या शाळेने घेतला की जुन्या पटावरून नाव जातं. म्हणजे पत्र जोवर आपल्याजवळ, तोवर मोहपाड्याच्या वहीत आपलं नाव शाबूत. आणि त्या वहीत, त्याच पानावर, वरच्या ओळीत जीवराम जीवल्या चौरे. त्याच्यापुढे लाल शाईने 'प्रभूमध्ये निजला'. खालच्या ओळीत आपण. नुसत्या कागदासाठी त्याच्या खालची ओळ कोण सोडील?

मोहपाड्यात नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी हजेरी होत असे. सगळी वही वाचली जाई. ज्याचं नाव येई तो उठून म्हणे, "शे." म्हणजे आहे. होस्टेलला त्या दिवशी मुलींचा गोड जेवणाचा बेत असल्यामुळे ताईबाईंना कधी जाता आलं नाही. पण सकाळी दहाच्या सुमाराला त्या चुलीपासून बाजूला होत, हात पुसत, आणि तिकडे आत्ता चौऱ्यांची नावं आली असतील असा अंदाज बांधून हळूच म्हणत, "शे." होस्टेल बंद पडलं, त्या दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहायला गेल्या, तरी हा नेम मोडला नाही. बाहत्तराव्या वर्षीही त्या पहिल्या जानेवारीला दहा वाजता उठून उभ्या राहिल्या होत्या. वेडेपणा म्हणा हवं तर. माणसं ह्याहून वेडी असतात.

धुळ्याच्या मंडळीत मात्र त्यांचं बसणं पाहुण्यासारखं असे. बायकांच्या बाजूला तिसरं बाक, कडेची जागा, पिशवी मांडीवर. एस.टी. स्टँडवर बसतात तशा. वार्षिक सभा सुरू झाली की त्या उठत, "दूध ठेवलंय गॅसवर" म्हणून बाहेर पडत. कोणाकडे बारशाला, साखरपुड्याला बोलावणं आलं तर पाकीट पाठवत, स्वतः जात नसत. कोणी घरी येतो म्हटलं की गुडघे दुखत असत. आधी काही वर्षं लोकांनी वाईट वाटून घेतलं, मग त्यांना त्याची सवय झाली. ताईबाईंना वाटे, आपण काही ह्यांच्यातल्या नाही, आपलं माणूस तिकडे आहे.

ह्या जानेवारीच्या शेवटी मोहपाड्याहून नूतनचा फोन आला. नूतन त्यांच्या होस्टेलची मुलगी, आता तिकडे अंगणवाडी चालवते. ती म्हणाली, "ताई, आपल्या दफनभूमीला भिंत घालताहेत. जागा कमी शे, म्हणून बठ्ठा, एकूणएक मेंबरांची जागा आखून ठेवणार आहेत. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारपर्यंत सांगायचंय. जीवराम नानांच्या शेजारी एकच जागा उरलीय. तुम्ही येऊन सांगून जा."

ताईबाईंनी दुसऱ्याच दिवशी सकाळची साक्रीची गाडी पकडली. कुसुंबा, नेर, साक्री. साक्रीला गाडी बदलून पिंपळनेर, तिथून काळीपिवळीत कोंबून मोहपाडा. पहिली काही वर्षं ईस्टरला त्या न चुकता येत. मग होस्टेल, मग गुडघे, करता करता बारा वर्षं झाली होती. वाटेभर त्यांना कसलीच काळजी वाटली नाही. उलट लग्नाला निघाल्यासारखं वाटत होतं. जागा सांगायची, कुठे सही लागली तर करायची आणि परत यायचं.

आधी त्या मागे उतारावर गेल्या. जीवरामची कबर चुन्याने पांढरीशुभ्र केलेली होती. पूर्वी ईस्टरला येत तेव्हाही ती अशीच रंगवलेली असे. मंडळी करते, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. डाव्या हाताला रिकामी जागा, एका खाटेएवढी. त्यांनी ती पावलांनी मोजली. पुरेल, असं त्यांना वाटलं.

पाळक कुंदन बागूल तिशीला टेकलेला, मोहपाड्याचाच मुलगा. ताईबाई गाव सोडून गेल्या तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता. त्याने सलाम केला, खुर्ची दिली, आणि कपाटातून वही काढली. "चौरे... जीवराम चौरे, हे बघा." मग तो खालच्या ओळीवर थांबला. वही त्याने स्वतःच्या जवळ ओढली. ताईबाईंनी विचारलं, "काय झालं?"

त्याने वही त्यांच्यासमोर सरकवली. जीवरामच्या खाली ताईबाई जीवराम चौरे, आणि त्या नावावरून एक सरळ रेघ. पट्टी धरून मारलेली. पुढे उखर्डू आबांचं टपोरं अक्षर: बदलीवर धुळे, ६ जून १९९३.

"ताई, पत्र दिलं की त्याच दिवशी नाव कमी करतात," कुंदन म्हणाला. आवाज त्याने शक्य तितका मऊ ठेवला होता. "तुम्ही धुळ्याच्या मेंबर ना? मग मेंबर नसलेल्याला जागा कशी देणार? पंच ऐकायचे नाहीत."

ताईबाई त्या रेघेकडे बघत राहिल्या. एकतीस वेळा पहिली जानेवारी आली होती. एकतीस वेळा इथे कोणीतरी जीवरामच्या पुढचं लाल वाचून थेट पुढच्या घराण्यावर गेलं होतं, आणि तिकडे धुळ्यात त्या हात पुसून उभ्या होत्या. त्यांना आधी लाज वाटली. मग राग आला, आणि राग आल्यावर जरा बरं वाटलं, कारण रागाला घेऊन कुठेतरी जाता येतं. त्या उखर्डू आबांकडे गेल्या.

आबा नव्वदीला टेकलेले. अंगणात खाटेवर उन्हाला बसले होते. डोळे गेले होते, पण चाल ऐकून ओळखलं.

"कोण, जीवरामनी ताई का? ये, बस."

"आबा, मन्हं नाव काबर कापं?" ताईबाई बसल्या नाहीत.

"पत्र दिधं तं नाव कापनंच पडस. नाव तुन्हा हातमा दिधं मी. तू ते धुळाले दिधं नही का?"

"नही."

आबांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. मग त्यांनी विचारलं, "मंग एकतीस साल तू कोन्ही व्हती, ताई?"

हा टोमणा नव्हता. म्हाताऱ्याला खरोखर समजून घ्यायचं होतं. ताईबाई खाटेच्या कडेवर टेकल्या. एवढ्या वर्षांत तू कोणाची, असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

मग आबाच म्हणाले, "ती जागा मी मांगेल शे. खोटं काय सांगू. मन्ही बाई तिन्हा मायबापना गावले पुरेल व्हती, ते गाव धरणमा गयं. आते तठे वीस पुरुष पाणी शे. तिन्हा जोडे माले जाता येवाव नही. जीवराम मन्हा दोस्त. तो बी एकला, मी बी एकला. पण तुन्हं नाव वहीमा चढनं तं मी मांगे सरकसू. हक तुन्हा शे."

परत निघताना कुंदन काळीपिवळीपर्यंत सोडायला आला. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं, की डोळे होते तोवर दर ईस्टरच्या आधी जीवरामची कबर आबाच रंगवायचे, आणि आता नातवाला नेऊन हाताने चाचपून बघतात, नीट झालीय का. मग तो कामाचं बोलला, "धुळ्याहून तुमचं बदलीचं पत्र आणा, ताई. आलं की इथे नाव चढवतो. मुदतीच्या आत आणा फक्त."

येताना खिडकीतून ताईबाईंना काहीच दिसलं नाही. साक्री कधी गेली, नेर कधी गेलं, कळलं नाही. मोहपाड्याला जायचं तर धुळ्याचं पत्र हवं, आणि धुळ्याने पत्र द्यायचं तर आधी धुळ्याच्या वहीत नाव हवं. आबांचा प्रश्न कानातून जात नव्हता.

धुळ्याचे पाळक प्रेमराज गावित हा सरळ माणूस. ताईबाईंनी त्यांच्या ऑफिसचं दार लोटून घेतलं आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. प्रेमराजांनी वही काढली, च पासून बघितली, मग त पासून बघितली, मग चष्मा पुसून पुन्हा बघितली.

"ताई, मी नऊ वर्षं तुम्हाला प्रभुभोजन देतोय."

"तुम्ही विचारलं नाही, साहेब."

"तुम्ही तिसऱ्या बाकावर बसलेल्या. बाक बांधलं तेव्हापासून बसल्यासारख्या. काय विचारणार?" ते हसले, पण बाईंच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. मग व्यवहाराचं बोलले. "जुनं पत्र आहे ना जवळ? ते द्या. येत्या रविवारी तुम्हाला आत घेतो. त्याच्या पुढच्या रविवारी मोहपाड्याच्या नावाने बदलीचं पत्र देतो. मुदतीत बसतं."

"म्हणजे आठ दिवसांची सभासद?"

"कागदावर चालतं, ताई. आपल्याला ती जागा हवी ना?"

हवी तर होतीच. ताईबाईंनी पत्र दिलं. घड्यांवर ते इतकं विरलं होतं, की प्रेमराजांनी ते दोन्ही तळहातांवर घेतलं. ताईबाई दारातून बाहेर पडत असताना ते म्हणाले, "मंडळीतल्या दोघांनी उठून सांगावं लागतं, आम्ही ह्यांना ओळखतो म्हणून. तुम्हाला काय काळजी, अख्खी मंडळी उभी राहील."

त्या आठवड्यात ताईबाईंनी मनात ते दोघं शोधले. आधी अगदी सहज, मग जरा नेटाने. शिंदे मास्तरीणबाई? त्यांच्या मुलीच्या लग्नाला पाकीट गेलं होतं. भिकुबाई? तिचा नवरा वारला तेव्हा सगळ्या बायका पाळी लावून रात्री सोबतीला होत्या, ताईबाईंची पाळी आली तेव्हा गुडघे दुखत होते. रांगेने एकेक बाक डोळ्यांसमोर आणलं. दीडशे माणसांची नावं त्यांना माहीत होती, पण त्यांच्या खोलीत पाणी प्यायलेलं त्यात कोणी नव्हतं. खोलीत भांडीसुद्धा एका माणसाची होती. एक ताट, एक वाटी, एक पेला. हे त्यांनी कधी ठरवून केलं नव्हतं. आपलं बिऱ्हाड दुसरीकडे आहे असं मानून राहिलं, की इथे वस्तू कमीच लागतात. ताईबाईंना पहिल्यांदा स्वतःचा राग आला. रेघ मारली म्हणून आबांवर रागावणं सोपं होतं. आबांनी एकच रेघ मारली होती, इथे धुळ्यात त्यांनी स्वतः दर रविवारी एक मारली होती.

रविवार आला. त्या दिवशी कॉलेजातल्या दोन मुलींचीही कबुली होती. मुली पुढे गेल्या, प्रेमराजांनी विचारलं, "ह्यांना कोण ओळखतं?" आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत दोघींच्या मावश्या-आत्या धडाधड उठल्या. चार-पाच जणी जास्तच उठल्या. मग प्रेमराज म्हणाले, "आपल्या ताईबाई चौरे. त्यांचं पत्र काही कारणाने राहून गेलं होतं."

ताईबाई पुढे जाऊन मुलींच्या शेजारी उभ्या राहिल्या. सभेत कुजबूज झाली. लोकांना नवल वाटलं, थोडं हसूही आलं.

"ह्यांना कोण ओळखतं?"

कोणी उठलं नाही. त्यात वाईटपणा काहीच नव्हता. जो तो आजूबाजूला बघत होता, की ताईबाईंच्या जवळचं कोणीतरी उठेल, आपण मध्ये कशाला पुढे पुढे करायचं. मास्तरीणबाई भिकुबाईकडे बघत होत्या, भिकुबाई मास्तरीणबाईंकडे. पंखे फिरत होते. प्रेमराजांनी एकदा खोकून घेतलं. ताईबाई फरशीकडे बघत होत्या आणि त्यांना आपल्या पायांची बोटं दिसत होती. अठ्ठावीस मुलींची लग्नं होस्टेलातून लागली, हजारो भाकरी थापल्या, आणि आत्ता इथे एक माणूस उठत नव्हतं. कोणाला दोष द्यायची सोय नव्हती.

मग तिसऱ्या बाकावरून बेबाबाई उठली. ही जिनिंगमध्ये कापसाच्या कामाला जाते, रविवारीसुद्धा केसांत एखादा कापसाचा तंतू राहिलेला असतो. ताईबाई तिच्याशी सलामापलीकडे कधी बोलल्या नव्हत्या.

"मी वळखस," बेबाबाई म्हणाली. मग तिला वाटलं असावं, की एवढं पुरणार नाही. "एकवीस साल व्हयनात, मी इन्हा जोडे बठस. इन्हं घर मी देखं नही. मन्हं घर इनी देखं नही. पण गाणं चुकनं का ही माले कोपरघाई हळूच सांगस, आते दुसरं कडवं. माले वाचता येत नही ना. कोणले समजू दिधं नही इनी आजलोंग."

ती बोलली आणि उभीच राहिली, कारण तिला बस म्हणून कोणी सांगितलं नाही. प्रेमराज म्हणाले, "दुसरा मी." मग ते ताईबाईंकडे वळले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. हा प्रश्न ताईबाईंनी ह्या भिंतींमध्ये शेकडो वेळा ऐकला होता, पण दरवेळी दुसऱ्याला विचारलेला.

"ताईबाई, ही मंडळी तुम्ही आपली मानता का? हिच्या सुखदुःखात, देव ठेवील तोवर, हिच्याबरोबर राहाल का?"

हो म्हणायचं आणि पुढच्या रविवारी पत्र घेऊन जायचं, असं ठरलं होतं. प्रेमराजांच्या डोळ्यांतही तेच होतं: म्हणून टाका, ताई. पण मी सभासद आहे असं खोटं एकतीस वर्षांत एकदाही न बोललेल्या बाईला ते तसं म्हणवेना. नाही म्हटलं तर सरळ होतं, पिशवी उचलायची आणि कडेच्या जागेवर जाऊन बसायचं, पुन्हा कोणाचंच नसलेलं. मनापासून हो म्हटलं तर उतारावरची ती जागा गेली. त्यांनी समोर बघितलं. बेबाबाई अजून उभी होती, बाकाला धरून, आणि ताईबाई काय म्हणतात ते ऐकायला तिने मान पुढे काढली होती.

"हो," ताईबाई म्हणाल्या. आणि मग, कोणी विचारलं नसताना, "इथेच."

उपासना सुटल्यावर बेबाबाईने अंगणात गाठलं. "चाल, आज तुन्हं घर देखाड."

"आज नको. बुधवारी ये," ताईबाई म्हणाल्या. "नक्की ये. सकाळी ये."

प्रेमराजांनी बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की पत्र ते मंगळवारीच लिहून ठेवतील. ताईबाई म्हणाल्या, "लिहू नका."

"ताई, मग तिकडची जागा?"

"साहेब, मी सगळ्यांसमोर हो म्हटलं. आठ दिवसांपुरतं नाही म्हटलं." एवढं बोलून त्या निघाल्या, कारण आणखी बोलल्या असत्या तर तिथेच रडू आलं असतं.

खोलीवर येऊन त्यांनी दार लावलं. गॅस पेटवला नाही, लुगडं बदललं नाही. दुपारभर खाटेवर बसून राहिल्या. एकतीस वर्षं त्यांच्या मनात एक पक्कं होतं, की शेवटी आपण त्याच्या शेजारी जाणार आहोत, आणि ह्या एका गोष्टीवर बाकीचं सगळं एकटेपण त्यांनी आरामात ओढलं होतं. ते आता नव्हतं. जीवराम गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं, रडायलासुद्धा कोणीतरी धरलेलं होतं. आज कोणी नव्हतं आणि त्या मोठ्याने रडल्या. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि थोड्या वेळाने पुन्हा वाढवला.

ऊन उतरल्यावर त्यांनी तोंड धुतलं आणि मोहपाड्याला कुंदनला फोन लावला.

"ती जागा आबाले दी टाक," त्या म्हणाल्या.

कुंदनला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, विचार करा. अजून दोन रविवार आहेत."

"व्हई गया विचार. मी आठली व्हई गयी." आठली म्हणजे इथली.

कुंदन पाळक होता, त्याला काहीतरी सांगणं भाग होतं. तो म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका, ताई. शेवटच्या दिवशी सगळे एकदमच उठणार आहोत. कोण कुठे निजलंय ह्याने काही फरक पडत नाही."

"उठसूत ते खरं शे," ताईबाई म्हणाल्या. "त्याना माले भरवसा शे. पण तो दिन येवालोंग मधमा किती येळ जाई, कोणले माहीत?"

ताईबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कुंदन, आबाले मन्हा सलाम सांग. आनी सांग, तठे गया का जीवरामले सांगजा, ताई धुळाले राहिनी. नही तं तो वाट देखत बसी."